कोकणातली लावणी आणि कंबरदुखी

कोकणातल्या भातशेतकऱ्यांची कंबर सर्वांत जास्त धरते ती लावणीच्या दिवसांत. राब भाजलेल्या जागेवरची रोपे तीन-चार आठवड्यांची झाली की उपटायची, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात एकेक चूड रोवत मागे सरकायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. ती थेट पेरणीपेक्षा कष्टाची, तरी टिकली; कारण वाढलेले रोप चिखलात लावले की ते तणाच्या पुढे राहते.

२० बाय १५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एका गुंठ्यात सुमारे ३,३०० चूड बसतात. एकरात १ लाख ३० हजारांच्या वर. लावणारी बाई दर चुडाला वाकत नाही, ती वाकलेलीच असते. धडाचा भार कंबरेच्या मणक्यांच्या पुढे येतो आणि तो पेलताना पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. गाळात रुतलेला पाय उपसताना हिसका बसतो तो वेगळाच. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा पुढे वाकल्यावर तो किती वाढतो हे दिसून आले.

लावणीचे जुने साधन म्हणजे इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे आच्छादन. डोक्यावरून पाठीवर उतरणारे, दोन्ही हात मोकळे ठेवणारे. त्याचा आकारच वाकलेल्या पाठीला बेतलेला आहे. वाकणे इतके गृहीत धरलेले होते की पावसापासून पाठ झाकली गेली, पण तिचा ताण कमी करायचे कोणी मनावर घेतले नाही.

सुधारणा झाल्या त्याही उत्पन्नासाठी. १९५०च्या दशकात सरकारने जपानी भातशेतीचा प्रसार केला. दोरी धरून ओळीत लावणी आली, वाकणे तेच राहिले. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत तर चार चुडांच्या मध्ये खताची गोळी हाताने खोल खोचायची असते, म्हणजे वाकण्यात भरच. जपानमध्ये १९७०च्या दशकात लावणी यंत्रे सर्रास झाली, पण कोकणात उतारावरच्या अरुंद खाचरांत यंत्र वळवणे अवघड.

नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्राने मात्र चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळली. त्यात कायम गादीवाफ्यांवर साच्याने भोके पाडून बियाणे टोकतात. टोकणीलाही वाकावे लागतेच. पण पाय घट्ट जमिनीवर असतात आणि रोपे उपटणे, ओल्या मुठी वाहणे ही कामे उरत नाहीत.