'बोनाफाइड'चं मूळ गाव

शाळेच्या कार्यालयातून कधीच 'बोनाफाइड' आणलं नाही, असं घर महाराष्ट्रात विरळा. शिष्यवृत्तीच्या अर्जाला ते लागतं, एसटीच्या सवलतीच्या पासाला लागतं. हा शब्द इंग्रजी कोर्टकचेऱ्यांमार्फत आपल्याकडे आला, पण त्याचं कूळ रोमचं. तिथल्या कॅपिटोलीन टेकडीवर फिडेस नावाची देवी होती. दिलेला शब्द पाळण्याची देवी.

तिच्या पूजेचं श्रेय रोमन परंपरा नुमा या दुसऱ्या राजाला देते. नुमाचा काळ दंतकथेतला, पण लिव्ही या इतिहासकाराने नोंदवलेला विधी मला फार मोलाचा वाटतो. वर्षातून एकदा पुजारी छत असलेल्या दोन घोड्यांच्या रथातून देवीच्या स्थानी जात आणि उजवा हात बोटांपर्यंत कापडात गुंडाळून आहुती देत. वचन देताना पुढे करायचा तो हाच हात. देवीचा वास त्यात, म्हणून तो जपायचा. पुढे कार्थेजशी पहिलं युद्ध झालं, त्या काळात औलुस अटिलियस कॅलाटिनसने तिचं देऊळ उभारलं, तेही ज्युपिटरच्या मंदिराजवळ. 1 ऑक्टोबर हा तिचा दिवस.

पण हा सद्गुण देवळापुरता राहिला नाही, यातच रोमनांचं मोठेपण आहे. रोममधली साधी माणसं बड्या घराण्यांच्या आश्रयाने राहत. आश्रिताने निवडणुकीत साथ द्यायची, आश्रयदात्याने कोर्टात त्याच्या पाठीशी उभं राहायचं. इ.स.पू. 450च्या सुमारास बारा पत्र्यांवर कायदा लिहिला गेला, तेव्हा त्यात आश्रिताला फसवणारा आश्रयदाता शापित ठरवला गेला. दोघांपैकी ज्याच्या हाती सत्ता, त्याच्यावर हा शाप होता, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

जुना रोमन कायदा मात्र शब्दाला घट्ट बांधलेला होता. ठरलेलं सूत्र तोंडाने उच्चारलं की करार पक्का. सूत्रात जे नाही, त्याची जबाबदारीही नाही. व्यापार वाढला, परमुलखाच्या लोकांशी देवघेव सुरू झाली, तसं हे अपुरं पडू लागलं. मग खरेदी-विक्री, भाडं, भागीदारी अशा व्यवहारांतल्या दाव्यांसाठी नवं वचन आलं: 'बोना फिडे', म्हणजे सचोटीला धरून, जे देणं लागतं ते प्रतिवादीने द्यावं. आता न्यायाधीश नुसते शब्द न पाहता माणूस वागला कसा तेही पाहू लागला. क्विंटस म्यूसियस स्केव्होला हा धर्माधिकारी आणि कायदेपंडित या वचनाचं बळ सर्वांत मोठं मानत असे.

हे सिसेरो हा रोमन वक्ता सांगतो. इ.स.पू. 44मध्ये, अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यांवरच्या ग्रंथात त्याने एक खटलाही दिला आहे. क्लॉडियस सेंटुमालस याचं कीलियन टेकडीवर घर होतं. घराच्या उंचीमुळे पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या पुजाऱ्यांच्या नजरेआड आकाश होई. अडथळा आणणारा भाग पाडून टाक, असा त्यांनी त्याला हुकूम दिला. त्याने घर पाडलं नाही, विकायला काढलं. कॅल्पुर्नियस लॅनेरियसने ते घेतलं आणि थोड्याच दिवसांत तोच हुकूम त्याच्या दारी आला. त्याने निमूटपणे घराचा तो भाग उतरवला. पुढे त्याला कळलं की हुकूम आधीचा आहे आणि क्लॉडियसने घर बाजारात आणलं ते हुकूम मिळाल्यावर.

त्याने दावा लावला. प्रकरण मार्कस कॅटोपुढे आलं. ज्युलियस सीझरला कडवा विरोध करणाऱ्या प्रसिद्ध कॅटोचा हा बाप. घर विकताना क्लॉडियस खोटं बोलला, असा आरोप नव्हता. तो नुसता गप्प राहिला होता. कॅटोने निकाल दिला: विकणाऱ्याला ठाऊक होतं आणि त्याने सांगितलं नाही, तेव्हा घेणाऱ्याचं नुकसान त्याने भरून द्यावं.