ठाणे-कल्याणातल्या गाण्याच्या मैफली: वाचनालयाच्या फळ्यावर नजर ठेवली तर हुकणार नाहीत

मुरबाड, शहापूर, भिवंडी किंवा अंबरनाथ तालुक्यातल्या गाण्याच्या शौकिनाला ठाण्या-कल्याणात चांगली मैफल झाली हे बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कळतं. कुणीतरी स्टेटसला फोटो टाकलेला असतो. आधी कळलं असतं तर गेलो असतो, असं म्हणायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. खरं तर या भागात गाण्याची बातमी मिळण्याची एक जुनी जागा आहे आणि ती म्हणजे वाचनालय. दाराशी लावलेला फळा, आत टेबलावर पडलेल्या निमंत्रणपत्रिका आणि ग्रंथपालाला तोंडपाठ असलेल्या तारखा. सभासद नसलेल्या माणसालाही फळा वाचायला कुणी हटकत नाही.

दोन जुनी वाचनालयं

कल्याणला रेल्वे आली १ मे १८५४ रोजी. त्यानंतर दहाच वर्षांत, १८६४ साली, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. रावबहादूर सदाशिव मोरेश्वर साठे यांचं नाव त्याच्या स्थापनेशी जोडलेलं आहे. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ या शहरात लोकांना एकत्र बसून काही वाचायची, ऐकायची सवय आहे.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झालं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं १८९८ साली, म्हणजे ठाणं मुंबईच्या पाच वर्षं पुढे होतं. ठाणेकर हे सांगायची संधी सोडत नाहीत आणि ते बरोबरही आहे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे यांनी ते उभं केलं. २०१० सालचं ८४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात भरलं, तेव्हा यजमानपद याच संस्थेकडे होतं.

अशा संस्थांचं काम फक्त पुस्तक देण्या-घेण्याचं नसतं. व्याख्यानमाला, कवितावाचन, नाट्यगीतांची संध्याकाळ, शहरातल्या दुसऱ्या संस्थेच्या कार्यक्रमाची पत्रकं ठेवणं, कधी प्रवेशिका वाटणं हे सगळं त्यात येतं. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं (स्थापना १८४०) तर स्वतःचं नाट्यगृह आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह.

पैशाचं गणित मात्र सोपं नाही. राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे सरकारचं परिरक्षण अनुदान मिळतं. त्यातून पुस्तकं, वर्तमानपत्रं, सेवकांचं मानधन भागवतानाच दमछाक होते. गाण्याचा कार्यक्रम करायचा तर देणगीदार गाठावा लागतो, नाहीतर एखाद्या संगीत संस्थेबरोबर मिळून करावा लागतो. म्हणून बऱ्याचदा पत्रिकेवर दोन-तीन संस्थांची नावं दिसतात.

वर्षभरात काय काय असतं

कल्याणात नाव घ्यायचं ते कल्याण गायन समाजाचं. १९२६ सालची ही संस्था. तिचा देवगंधर्व महोत्सव म्हणजे तालुक्यातल्या माणसाने आयुष्यात एकदा तरी ऐकावा असा. नाव आहे भास्करबुवा बखले यांच्यावरून. लोक त्यांना देवगंधर्व म्हणायचे. पुण्याचा भारत गायन समाज त्यांनी काढला. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. कल्याण पश्चिमेचं आचार्य अत्रे रंगमंदिर हे शहरातल्या अशा मोठ्या कार्यक्रमांचं ठिकाण.

ठाण्यात महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत समारोह करते. राम मराठे (१९२४ ते १९८९) लहानपणी सिनेमात होते. पुढे मैफलीचे गवई झाले, 'मंदारमाला' नाटकाने तर घराघरात पोचले. ते मास्टर कृष्णरावांकडे शिकले होते आणि कृष्णराव भास्करबुवांकडे. म्हणजे ठाण्याचा समारोह आणि कल्याणचा महोत्सव हे एकाच गुरुपरंपरेतल्या दोन माणसांची आठवण आहेत. दोन्ही ऐकणाऱ्याला हे नातं गाण्यातूनही जाणवू शकतं. तळावपाळीजवळचं गडकरी रंगायतन १९७८ पासून ठाण्याच्या सांस्कृतिक कार्यक्रमांचं मुख्य घर आहे.

भावगीतं आवडत असतील तर जनकवी पी. सावळाराम यांचं नाव ठाण्यात सारखं कानावर येतं. मूळ सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचे, पुढे ठाण्याचे झाले, नगराध्यक्षही झाले. सासरी निघालेल्या लेकीची गाणी लिहावीत तर त्यांनीच. त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. डोंबिवलीचं क्रीडा संकुल ज्यांच्या नावाचं आहे ते संत सावळाराम महाराज म्हात्रे वेगळे. ते वारकरी कीर्तनकार. नाव सारखं असल्यामुळे पत्ता विचारताना गोंधळ होतो.

याच क्रीडा संकुलात फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वं साहित्य संमेलन झालं. आयोजक होती आगरी यूथ फोरम. हीच संस्था डोंबिवलीत आगरी महोत्सवही भरवते. तिथे खाण्याच्या स्टॉलइतकीच गर्दी गाण्यांना असते.

डोंबिवलीची गंमत वेगळी आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली श्री गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि ती पुढे राज्यभर गेली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मुलामुलींची गर्दी होते आणि त्या गर्दीत गाणं असतंच. पै फ्रेंड्स लायब्ररी ही खासगी. पुस्तकांच्या आदान-प्रदानाचे मोठे उपक्रम तिने केले. डोंबिवलीत काय चाललंय याची विचारपूस करायला ही जागा चांगली.

वाचनालयांचे स्वतःचे कार्यक्रम साधारण ठरावीक दिवसांच्या आसपास येतात. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, कोजागरी, दिवाळी पहाट आणि संस्थेचा वर्धापनदिन. ग्रंथालय संचालनालयाचा जिल्हा ग्रंथोत्सवही असतो. या दिवसांच्या आठ-दहा दिवस आधी फळा पाहिला किंवा फोन केला तर नुसती हळहळ करायची वेळ येत नाही.

"ते शास्त्रीय आपल्याला काय कळणार?"

हा प्रश्न गावागावात ऐकू येतो. उत्तर असं आहे की भजनी मंडळात बसलेल्या माणसाला मैफल परकी नाही. पेटी तीच, टाळ तेच, पखवाज तर गावात जास्त चांगला वाजतो. हरिनाम सप्ताहात रात्रभर अभंग ऐकणाऱ्याला सम कुठे येते ते कुणी शिकवावं लागत नाही, मान आपोआप हलते. मैफलीत फरक एवढाच की शब्द कमी आणि सूर जास्त. सुरुवातीची वीसेक मिनिटं गवई एकच राग हळूहळू उलगडत असतो. तिथे कंटाळा येऊ शकतो आणि आला तर त्यात लाज नाही. मग लय वाढते, तबला मोकळा होतो, आणि शेवटाकडे नाट्यगीत किंवा अभंग येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने नाट्यसंगीताचा किंवा अभंगवाणीचा कार्यक्रम धरावा, नुसत्या ख्यालाची तीन तासांची बैठक दुसऱ्या खेपेला.

आत गेल्यावर मोबाइल सायलेंटवर ठेवायचा. चालू रागात उठायचं नाही, मधल्या विश्रांतीत उठायचं. लहान मूल रडलं तर बाहेर घेऊन यायचं, कुणी रागावत नाही. पुढच्या दोन रांगा बहुतेक वेळा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. तिथून उठवलं तर अपमान वाटून घेऊ नये.

जायचं सोपं, यायचं बघा

कार्यक्रम संध्याकाळी असतात आणि उशिरा संपतात. शहरातला माणूस रिक्षाने घरी जातो. गावच्या माणसाचं सगळं शेवटच्या गाडीवर. कल्याणला लाइन फुटते. एक कसाऱ्याकडे जाते, दुसरी कर्जतकडे. टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही कसारा बाजू. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी ही कर्जत बाजू. शहापूरला उतरायचं तर आसनगाव, पुढे स्टेशनबाहेर वाहन मिळतं का हे आधीच बघावं, रात्री ते धरून चालू नये. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे कल्याणहून एसटीच. संध्याकाळच्या फेऱ्या किती वाजता संपतात हे एसटी स्टँडवर विचारूनच निघावं.

आधी ठरवून चार-पाच जण मिळून गेलं की परतीची गाडी वाटून घेता येते. बायकांना यायचं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण गाणं आवडतं पण रात्रीचं काय म्हणून त्या घरीच राहतात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी सकाळच्या मैफली आणि दिवाळी पहाट हाच चांगला पर्याय. पहाटेच्या कार्यक्रमाला जाताना पहिली लोकल असते आणि परत येताना उजेड.

व्हॉट्सॲपवरचं पोस्टर

जुन्या वर्षाचं पोस्टर दरवर्षी फिरतं. पोस्टरवर तारीख असते पण साल नसतं. सोपी युक्ती अशी की तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळवून पाहायचे. वार जुळला नाही तर पोस्टर जुनं. जुळला तरी वाचनालयात किंवा नाट्यगृहाच्या खिडकीवर एक फोन करावा. "प्रवेश विनामूल्य" असं लिहिलेलं असलं तरी कधी कधी प्रवेशिका आधी घ्यावी लागते आणि ती वाचनालयातूनच मिळते. कुणी अनोळखी नंबरवर पैसे पाठवून जागा राखा म्हणत असेल, तर आधी संस्थेला विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

गावच्या वाचनालयातही होऊ शकतं

यासाठी मोठा हॉल लागत नाही. ड वर्गाच्या वाचनालयाची एक खोली, सतरंजी, पेटी आणि पन्नास माणसं पुरतात. खोलीच्या आत, लाउडस्पीकर न लावता केलं तर परवानग्यांची कटकटही जवळपास नाही. बाहेर पटांगणात स्पीकर लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बाहेर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ वाजेपर्यंत सूट देतं, पण ते दिवस आधी जाहीर झालेले असतात. आपल्या कार्यक्रमाला आपोआप सूट मिळत नाही. शाळा, दवाखाना किंवा कोर्टाच्या आसपास शांतता क्षेत्र जाहीर झालं असेल तर आणखी जपावं लागतं.

दुसरा प्रश्न गाण्यांच्या हक्काचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हौशी मंडळाने श्रोत्यांकडून पैसे न घेता गाणी सादर केली तर ते उल्लंघन धरलं जात नाही. तिकीट लावलं किंवा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा बोलावला की परवान्याचा विषय येतो. कलाकाराचं गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर त्याची परवानगी घ्यावी, तीही लेखी. कलाकाराला तो हक्क कायद्यानेच दिला आहे.

आणि बाहेरचाच कलाकार पाहिजे असं कुठे आहे? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर दुधी भोपळा आणि बांबूचा तारपा वाजवणारे आहेत. कल्याण-भिवंडीच्या आगरी-कोळी गावांत धवलारीण आहे. लग्नाचे विधी ती गाण्यातून चालवते. हळदीपासून पुढे कोणत्या क्षणाला कोणता धवला, ते तिच्या डोक्यात असतं, वहीत नसतं. तेराव्या शतकातल्या महदंबेच्या धवळ्यांचं नाव शाळेत ऐकलेलं असतं. तीसुद्धा लग्नाचीच गाणी. ते धवळे लिहून ठेवले गेले म्हणून आज पुस्तकात आहेत. गावातल्या धवल्यांचं तसं झालेलं नाही. आता लग्नात डीजे आला आणि धवलारणी म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुली फार दिसत नाहीत.

इथे वाचनालय डीजेवाल्यापेक्षा नि नाट्यगृहापेक्षाही जास्त उपयोगी पडतं, कारण ठेवून देणं हेच त्याचं काम आहे. एका दुपारी धवलारणीला मानाने बोलवावं, साडी-नारळ आणि मानधन द्यावं, गावातल्या पोरींना पुढे बसवावं. तिची हरकत नसेल तर मोबाइल जवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करावा, पंखा बंद करून, नाहीतर घरघरच जास्त येते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी शब्द वहीत उतरवावेत आणि तिलाच वाचून दाखवावेत, चूक असेल ती ती सांगेल. वहीवर गाणारीचं नाव, गाव, तारीख आणि कोणत्या विधीचं गाणं ते लिहावं. मग त्या वहीला दाखल क्रमांक द्यावा, इतर पुस्तकांना देतात तसाच, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत पेनड्राइव्हवर कपाटात, एक तिच्या घरी.