उघडं ओझं

बदलापूर पश्चिमेच्या सोनिवलीत कुणी अंगणात छोट्या रेल्वेचे रूळ अंथरायला घेतले, तर नदीतले गोल गोटे आणायचा मोह आधी होतो. तो आवरावा. गोल दगड एकमेकांवरून घरंगळतात. क्रशरमधून फुटून आलेल्या काळ्या दगडाचे कोपरे एकमेकांत अडकून बसतात. रूळ जागेवर राहतात ते या अडकण्याच्या जोरावर.

रेल्वे या दगडाला इंग्रजीत बॅलास्ट म्हणते, आणि तो शब्द आला समुद्रावरून. उत्तर युरोपातल्या खलाशांचा 'बारलास्त' म्हणजे उघडं ओझं, नुसतं वजन. ज्याला बाजारात किंमत नाही, पण ज्याच्यावाचून रिकामं जहाज कलंडेल, असा भार. इंग्लंडातल्या न्यूकॅसलची जहाजं कोळसा भरून लंडनला जात आणि परतताना पोटात वाळू, खडे भरून येत. टाइन नदीच्या काठी हा भार उतरवायचा आणि पुन्हा कोळसा भरायचा. काठावर त्याच्या टेकड्या झाल्या. खाणीतून त्याच काठापर्यंत लाकडी रुळांवरून घोडे कोळशाच्या गाड्या ओढत होते. रुळांत भरायला खडे हवेत आणि ते शेजारीच फुकट पडलेले! जहाजाचा शब्द रुळांखाली गेला तो असा.

घोड्यांच्या पायांचीही यात एक गोष्ट आहे. खुरं अडखळू नयेत म्हणून रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, खड्यांनी पूर्ण बुजवत. पुढे वाफेचं इंजिन आलं, घोडे गेले, तरी बुजवायची सवय कितीतरी वर्षं राहिली. मला या कुळकथेतला हा भाग सर्वांत आवडतो.

आपल्याकडे १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली आणि १८५६ मध्ये कल्याणहून बदलापूरवरून खोपोलीपर्यंत. आपल्या माणसांनी बॅलास्टला सरळ खडी म्हटलं. रूळ सांभाळणाऱ्या गँगमनच्या हातात बीटर नावाचं अवजार आलं: एका टोकाने स्लीपरखाली खडी ठासायची. समोरासमोरचे गडी एकाच वेळी ठासत, नाहीतर एका बाजूने भरलेली खडी दुसऱ्या बाजूने निसटते. आज हे काम मुख्यतः यंत्रं करतात. माती शिरून खडी गच्च झाली की पाणी तुंबतं, म्हणून ती उपसून, चाळून परत भरावी लागते.

बागेतल्या रेल्वेचं आजचं रूप तसं कालचं. १९६८ मध्ये जर्मनीच्या लेमान कंपनीने ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची, उघड्यावर चालणारी गाडी बाजारात आणली. तिचं प्रमाण १:२२.५. मोठ्या रुळांची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची. भागाकार केला तर अंगणात १ ते ३ मिलिमीटरची कच पुरावी. पण गाडी लहान होते, पाऊस लहान होत नाही. आपल्याकडच्या जुलैच्या धारांपुढे तेवढी बारीक कच एका रात्रीत वाहून जाईल. म्हणून हिशोब जरा मोडावा: खाली चर खणून जाड खडी, वर ५-६ मिलिमीटरपर्यंतची ग्रिट, आणि फटी भरायला थोडी कच. ब्रशने पसरायची, झारीने पाणी द्यायचं, आणि मग लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्या घेऊन प्रत्येक स्लीपरखाली दोन्ही बाजूंनी, एकाच वेळी, ठासत जायचं.