चिखलदऱ्याची तळी



हल्ली घरोघरची मुले-नातवंडे परदेशी असतात आणि सुट्ट्या लागल्या की त्यांच्याकडून स्वित्झर्लंड नाहीतर ऑस्ट्रियाचे फोटो येतात. निळेशार तळे, मागे बर्फाचा डोंगर, पुढे रंगीत होडी. आपण "वा, सुरेख!" म्हणतो आणि मग कोणीतरी विचारतेच, "आपल्याकडे असे का नाही हो?" शाळेतल्या बाईंची खोड अशी, की प्रश्न कानावर पडला की उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हा लेख.

आल्प्समधली बरीचशी तळी हिमनद्यांनी केली आहेत. हजारो वर्षे बर्फाचा प्रचंड भार सरकत राहिला, त्याने खडक कोरून खोलगट भाग केले, वाहून आणलेल्या दगडमातीने पुढची वाट अडवली, आणि बर्फ वितळल्यावर तिथे पाणी साठले. उन्हाळ्यात वरचा बर्फ विरघळून भर घालत राहतो. आपला सह्याद्री आणि मेळघाटातला सातपुडा पडला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळ्या पाषाणाचा. इथे बर्फ नाही. चार महिने धो धो पाऊस पडतो आणि उतारावरून धावत नदीला जाऊन मिळतो. लोणारसारखे उल्केच्या आघाताने झालेले सरोवर हा अपवाद. एरवी आपल्या डोंगरावर तळे दिसले की समजावे, हे कोणीतरी खोदले आहे किंवा बांध घालून अडवले आहे. महाबळेश्वरचे वेण्णा तलावसुद्धा साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधवून घेतलेले. त्यामुळे डोंगरावरचे तळे हा आपल्याकडे भूगोलाइतकाच इतिहासाचा विषय आहे.

आम्हा नागपूरकरांना याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे चिखलदरा. विदर्भातले एकुलते एक थंड हवेचे ठिकाण. अमरावती, अचलपूर, परतवाडा करीत घाट चढायचा आणि सुमारे अकराशे मीटर उंचीवर पोचायचे. तिथे काय पाहायचे ते साऱ्यांना पाठ आहे : देवी पॉइंट, आवाज घुमवणारा पंचबोल, मोझरी पॉइंट, भीमकुंड, कॉफीची झाडे आणि शक्कर तलावातली नाव. भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि पुढे चिखलदरा, ही कथाही सगळ्यांना ठाऊक असते. भीमाने हात धुतले ते भीमकुंड. कथा खरी की खोटी या वादात मी पडत नाही; पण लोकांनी या डोंगराची गोष्ट सांगतानाही तीत पाणी आणलेच, हे मला लक्षात ठेवण्याजोगे वाटते.

पर्यटक मात्र गाविलगडावर फारसा वेळ घालवत नाहीत. दरवाज्यापाशी फोटो काढतात आणि परततात. नाव सांगते की इथे पूर्वी गवळी राहत. गुराढोरांसह डोंगरावर राहणारे लोक पाण्याच्या आधाराशिवाय राहिले नसणार. पुढे बहामनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ च्या सुमारास इथे पक्का किल्ला उभारला, आणि १४८८ मध्ये फतेउल्ला इमादुल्मुल्कने त्याची मोठी डागडुजी केली. हाच पुढे अचलपूरच्या इमादशाहीचा संस्थापक झाला. मूळचा विजयनगरकडचा, ब्राह्मण घरात जन्मलेला. शार्दूल दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तो दक्षिणेतून इकडे आलेला पाहुणाच.

किल्ल्यात शिरल्यावर माझी पावले नेहमी तलावांकडे वळत. देवतलाव, मच्छी तलाव अशी त्यांची नावे. आमच्या शाळेच्या सहली एसटीने येत, तेव्हा मी मुलांना तलावाच्या काठाशी उभे करून विचारत असे, "इथे हजार माणसे आणि त्यांची घोडी-बैले राहत असतील, तर जूनपर्यंत पाणी कुठून येणार?" मुले दरीकडे बोट दाखवत. मग मी म्हणे, दरीतून पाणी वर आणायला रोज किती पखाली लागतील, गणित करा पाहू! दोन मिनिटांत मुलांना कळायचे की तट आणि तोफा नंतर, आधी तळे. डोंगरी किल्ल्यांवर बहुधा असेच होई, की तळे खोदताना निघालेला दगड तटाला लागे. एका कामात दोन कामे.

याच किल्ल्यावर नागपूरच्या इतिहासाने वळण घेतले. १८०३ साली गाविलगड नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या ताब्यात होता. २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई हरल्यावर भोसल्यांच्या सैन्याने या डोंगराचा आसरा घेतला. पाठोपाठ इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली आला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तोच हा. दक्षिणेचा कडा उभा, पण उत्तरेला किल्ला एका चिंचोळ्या भूभागाने पठाराला जोडलेला आहे. ही दुखरी बाजू हेरून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगराला वळसा घातला. रस्ता नव्हताच. सैनिकांनी तो करीत करीत अवजड तोफा जंगलातून वर ओढून आणल्या. तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. आतला तट शाबूत होता, त्यावर कॅप्टन कॅम्बेलची तुकडी शिड्या लावून चढली आणि तिने दरवाजा उघडला. राजपूत किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला.

तळी भरलेली होती, डिसेंबरच होता. गड तहानेने पडला नाही. तो पडला उत्तरेच्या सपाट वाटेने. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांचा कटक प्रांत इंग्रजांकडे गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे. नागपूर आणि वऱ्हाड यांच्यामध्ये जी राजकीय रेघ पडली, ती या डोंगरावर पडली म्हणायची. या मोहिमेत वेलस्लीबरोबर असलेला तरुण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन लगेच नागपूरला रेसिडेंट म्हणून येऊन बसला. १८५८ मध्ये तात्या टोपे आसरा घेतील या धास्तीने इंग्रजांनी किल्ल्याची मोडतोड केली. दगड पाडले, तलाव मात्र राहिले.

आणि गंमत पाहा. पुस्तकात आपण वाचतो की चिखलदरा १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने "शोधून काढले"! शेजारी चारशे वर्षांचा किल्ला, वीसच वर्षांपूर्वी झालेले युद्ध, आणि जंगलात कितीतरी पिढ्यांपासून राहणारे कोरकू. मग साहेबांनी शोधले ते काय? त्यांनी उन्हाळ्यातली गार हवा शोधली. वऱ्हाडच्या भाजून काढणाऱ्या वैशाखातून सुटायची जागा. तेव्हापासून हा डोंगर राहण्याचा कमी आणि पाहण्याचा जास्त झाला. बंगले आले, पॉइंट आले, आणि पाण्याला नवा मालक आला : पाहुणा.

कोरकूंविषयी एक सांगते. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या घराण्यातली नाही, ती मुंडा कुळातली. दूर झारखंडकडच्या संथाली-मुंडारीची बहीण. इतक्या पश्चिमेला हे कूळ दुसरीकडे नाही. साहेबाच्या आधी हा डोंगर ज्यांच्या पायाखालचा, त्यांच्याविषयी पॉइंटवरच्या पाट्या गप्प असतात.

चिखलदऱ्याला खालच्या वऱ्हाडच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. तरी याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. खडीमल गावच्या विहिरीत टँकर रिकामा होतो आहे आणि बायका-मुले काठावर दोर-बादल्या घेऊन झुंबड करताहेत, ही दृश्ये २०२२ साली साऱ्या देशाने पाहिली. कारण तेच जुने. पाषाणाच्या उतारावर पाणी थांबत नाही. सिपना, गडगा, खंडू, खापरा या नद्या ते घेऊन तापीकडे पळतात. गाविलगडच्या बांधणाऱ्यांना हे पाचशे वर्षांपूर्वी उमगले होते. आमच्या काळात गोराघाट आणि हरिकेन पॉइंटच्या मध्ये दरीवर काचेचा पूल बांधायचे काम सिडकोने हाती घेतले. पूल हवाच, त्याने चार हातांना काम मिळेल. पण माझ्या मते दर पुलामागे गावागावांत चार बंधारेही हवेत, आणि त्यांचे पाणी आधी खडीमलला, मग हॉटेलांना.

तेव्हा चिखलदऱ्याला जरूर जा. पावसाळ्याच्या अखेरीस गेलात तर डोंगर हिरवा आणि दऱ्या धुक्याने भरलेल्या दिसतील. मुलांना शक्कर तलावात नावेत बसवा, पंचबोलला हाका मारू द्या, मेळघाटचे जंगल १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्पाचे आहे तेही सांगा. पण एक सकाळ गाविलगडाला राखून ठेवा. देवतलावाच्या काठी मुलांना थोडा वेळ बसवा आणि तो पखालींचा हिशेब घालायला द्या. आणि संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर नळ सोडताना हात जरा आखडता ठेवा, बाप्पा!