मुंबईच्या विधानसभेतील स्वतंत्र मजूर पक्ष (१९३७-१९३९)

बाबासाहेबांच्या संसदीय कार्याचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा गोलमेज परिषदेवरून थेट घटना समितीवर जाते. मधला मुंबई विधानसभेचा कालखंड चरित्रग्रंथांत एखाद्या प्रकरणापुरता उरतो, आणि त्या सभागृहात बाबासाहेबांच्या पाठीमागे बसलेल्या सहकाऱ्यांची नावे तर आजच्या तरुण वाचकांना सांगावीच लागतात. ही मंडळी कोण होती, निवडून कशी आली आणि सव्वादोन वर्षांच्या काळात त्यांनी काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांतास दोन सभागृहे मिळाली. कनिष्ठ सभागृह म्हणजे विधानसभा. तिच्या एकूण १७५ जागांपैकी १५ जागा अस्पृश्य वर्गासाठी राखीव होत्या. या १५ जागांचा आकडा १९३२ च्या पुणे कराराने ठरलेला होता. मताचा अधिकार सर्वांना नव्हता. शेतसारा, घरभाडे, कर किंवा शिक्षण अशा अटींवर तो मिळत असे. दारिद्र्यात पिढ्यान्पिढ्या खितपत ठेवलेल्या समाजातून मतदार म्हणून किती नावे लागणार, हे सांगावयास नको. शिवाय जागा राखीव असली तरी मतदारसंघ संयुक्त होता. म्हणजे राखीव जागेवर कोण जाणार हे ठरविण्यात स्पृश्य मतदारांचा हात मोठा. काँग्रेसने आपल्या पसंतीचा अस्पृश्य उमेदवार उभा करावा, स्पृश्यांची मते त्याच्या पारड्यात टाकावीत आणि अस्पृश्यांनी ज्याला आपला मानले त्याने घरी बसावे, हे सहज घडू शकत होते.

असे असूनही १९३७ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर घडले नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक निवडून आले. अवघ्या सहा महिन्यांच्या पक्षाला हे यश कसे मिळाले? बाबासाहेबांचे नेतृत्व आणि महाड-नाशिकच्या सत्याग्रहांनी जागा झालेला समाज, हे उत्तर खरेच आहे. परंतु त्यात एका तांत्रिक गोष्टीची भर घातली पाहिजे. मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघांत एकत्रित मतदानाची पद्धत होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत, आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा त्याला होती. बहुसंख्याकांची मते अनेक उमेदवारांत वाटली जात असता अल्पसंख्याक समाज शिस्तीने आपली सर्व मते एका नावावर टाकू शकत होता. आपल्या माणसांनी ती शिस्त पाळली.

मुंबईतील भायखळा-परळ मतदारसंघाची लढत या संदर्भात पाहावी. बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसने पी. बाळू यांना उभे केले. पळवणकर बाळू हे सामान्य उमेदवार नव्हते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी क्रिकेट संघातील ते नामांकित गोलंदाज, स्वतः चर्मकार समाजाचे, आणि त्यांच्याविषयी सर्व थरांत आदर होता. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली व बाळूंना ११,२२५. मात्र हे आकडे मतांचे आहेत, मतदारांचे नव्हेत. एका मतदाराची अनेक मते एकाच नावावर पडू शकत होती. ही गोष्ट ध्यानात न घेता त्या आकड्यांवरून कोणाला किती माणसांचा पाठिंबा होता याचे हिशेब मांडले जातात, ते फोल होत. १९५२ मध्ये दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. त्या निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. १९५५ च्या भाषावार राज्यांविषयीच्या पुस्तकात त्यांनी बहुसदस्य मतदारसंघ व एकत्रित मतदान यांचा पुन्हा आग्रह धरला, त्यामागे हा सर्व अनुभव उभा आहे.

निवडून आलेल्यांत नाशिकचे भाऊराव उर्फ दादासाहेब गायकवाड, पूर्व खानदेशचे दौलतराव जाधव, पुण्याचे रा. रा. भोळे, नगरचे प्र. ज. रोहम, साताऱ्याचे खंडेराव सावंत, सोलापूरचे जिवाप्पा ऐदाळे, बेळगावचे बळवंतराव वराळे ही मंडळी होती. याखेरीज कोकणातून सर्वसाधारण जागांवर अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि शामराव परुळेकर निवडून आले. हे तिघेही स्पृश्य समाजातील. चित्रे व टिपणीस तर १९२७ च्या चवदार तळ्याच्या संग्रामातील सहकारी. टिपणीस त्या वेळी महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. स्वतंत्र मजूर पक्ष हा एका जातीचा पक्ष होता असे म्हणणाऱ्यांनी ही तीन नावे एकदा वाचावीत.

जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले. अध्यक्षपदी ग. वा. मावळंकर, महसूल खाते मोरारजी देसाईंकडे, गृहखाते कन्हैयालाल मुन्शींकडे, अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे. (राजर्षी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे ते हेच लठ्ठे.) सरकारी बाकांच्या तुलनेत आपला पक्ष लहान. पण १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करणारे विधेयक मांडले, तेव्हा सारा कोकण त्या सभागृहात येऊन उभा राहिला.

खोत हा सरकार आणि कुळ यांच्या मधला सारावसुली करणारा. शेत कसणाऱ्याने पिकवावे, खोताने मक्ता न्यावा, आणि वेठ व बेदखलीची भीती वर असावी, अशी ही व्यवस्था रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत मुरलेली होती. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांचा संप नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्याच सुमारास वर्षानुवर्षे चालू होता. खोताखालची कुळे म्हणजे केवळ महार नव्हेत. कुणबी आणि आगरी मोठ्या संख्येने त्यांत होते. म्हणून हे विधेयक आपल्या इतिहासात विशेष महत्त्वाचे ठरते. १० जानेवारी १९३८ रोजी सुमारे वीस हजार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. परुळेकर, इंदुलाल याज्ञिक आदी नेते त्यात होते, आणि शिष्टमंडळाने मुख्यमंत्र्यांपुढे मागण्या ठेवल्या. कौन्सिल हॉलची ती इमारत नंतर पोलीस महासंचालकांचे कार्यालय झाली. विधेयक मात्र मार्गी लागले नाही. शेतकऱ्यांचे राज्य आणू म्हणणाऱ्यांच्या मंत्रिमंडळाला ते का पेलले नाही, याचे उत्तर त्या पक्षाच्या जमीनदार आधारात शोधावे लागते.

त्याच जानेवारीत दुसरा प्रसंग घडला. स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीत सरकारने अस्पृश्य वर्गासाठी 'हरिजन' हा शब्द योजला. दादासाहेब गायकवाडांनी त्यास हरकत घेतली. ज्यांच्यासाठी हा शब्द वापरावयाचा त्यांनाच तो मान्य नाही, आणि अस्पृश्य जर हरीचे जन तर इतर कोणाचे, असा त्यांचा रोख होता. बहुमताने सरकारचे म्हणणे मंजूर झाले. तेव्हा बाबासाहेब व त्यांचा पक्ष सभागृहाबाहेर निघून गेला. आपल्या नावाचा अधिकार आपला, हा मुद्दा कायदेमंडळाच्या नोंदीत शिरला तो एका नाशिककर कार्यकर्त्याच्या तोंडून.

सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. सक्तीच्या समझोत्याच्या प्रक्रियेतून गेल्याखेरीज संप करणे बेकायदा ठरविणारा तो कायदा होता. बाबासाहेबांनी त्यावर केलेले भाषण कामगार चळवळीच्या अभ्यासकांनीही वाचण्याजोगे आहे. संप करणे म्हणजे आपले श्रम न विकण्याचे स्वातंत्र्य, आणि ते हिरावणे ही गुलामगिरी, असे त्याचे सूत्र. कम्युनिस्टांशी तीव्र मतभेद असूनही ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष त्यांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. कायदा तरीही झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो मोठ्या फरकाने फेटाळला. या विषयाचा उच्चारही अशिष्ट मानला जाई, त्या काळी नगरच्या एका अस्पृश्य आमदाराने स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न विधानसभेत नेला.

महायुद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. गव्हर्नरांची राजवट आली, विधानसभेचे कामकाज थांबले, आणि पक्षाच्या हातातील व्यासपीठ गेले. सर्वांच्या वाटा एक राहिल्या नाहीत. परुळेकर कम्युनिस्ट पक्षात गेले व पुढे वारली आदिवासींच्या लढ्यात दिसले. भोळे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. दादासाहेब १९५७ मध्ये लोकसभेवर गेले आणि १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचे नेतृत्व त्यांनी केले.

या आमदारांची बहुतेक भाषणे आजही सरकारी कार्यवृत्तांतातच पडून आहेत. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या खंडामुळे बाबासाहेबांची भाषणे हाती आली. इतरांचे तसे झाले नाही. खोती पद्धत कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक बाबासाहेबांनी प्रथम १९२८ मध्ये जुन्या कौन्सिलात आणले, १९३७ मध्ये खोतीबरोबरच पुन्हा मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने १९५८ मध्ये केला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी.