एकाच वर्षाच्या दोन गोष्टी

काही वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका सोमवारी रात्री मामेबहिणीचा मेसेज आला : "नाही झालं." एमबीबीएस झालेली, अमेरिकेच्या परवाना परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली, पण तिथे रेसिडेन्सी मिळाली नाही. आणि रेसिडेन्सीशिवाय तिथे सहसा डॉक्टरकी करता येत नाही. मी इंजिनिअर. सांत्वन म्हणून बोलून गेलो, "अगं, तो अल्गोरिदम उमेदवारांच्या बाजूचा आहे. त्या कामाला नोबेल मिळालंय." ती म्हणाली, "असेल रे. पण जागा किती आहेत?"

मला माहीत नव्हतं. म्हणून वाचायला लागलो.

'रेसिडेंट' म्हणजे शब्दशः निवासी. १८८९मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं. ऑस्लर आणि हॉल्स्टेड यांनी तिथे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची जी पद्धत घातली, तीत शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहायचे. पुढे ही पद्धत देशभर पसरली. १९४०च्या दशकात परिस्थिती आजच्या नेमकी उलटी होती : जागा जास्त, डॉक्टर कमी. चांगला विद्यार्थी दुसरीकडे जाऊ नये म्हणून रुग्णालयं पदवीच्या दोन-दोन वर्षं आधीच त्याला गाठायची. त्याला आळा घातला, तर होकार कळवायची मुदत काही तासांवर आली. या गोंधळावर उपाय म्हणून १९५२मध्ये 'मॅच' सुरू झाली. उमेदवारांनी रुग्णालयांचा पसंतीक्रम द्यायचा, रुग्णालयांनी उमेदवारांचा, आणि जोड्या एका ठिकाणी लावायच्या.

१९६२मध्ये गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी अशा जोड्या 'स्थिर' कशा लावायच्या हे सिद्ध केलं. स्थिर म्हणजे, मिळालेली जोडी सोडून एकमेकांकडे जावं असं वाटणारे उमेदवार आणि रुग्णालय उरतच नाहीत. १९८४मध्ये अल्विन रॉथने दाखवलं की मॅच मुळात हेच करत होती. फक्त तिचा कल रुग्णालयांकडे होता. यातूनच पुढे अल्गोरिदम बदलला. नवा, उमेदवारांकडे झुकणारा अल्गोरिदम १९९७मध्ये स्वीकारला गेला. २०१२मध्ये रॉथ आणि शॅप्लीला नोबेल मिळालं.

मी बहिणीला सांगितलं होतं ते इथवरचं. पण रॉथचंच १९८६चं एक प्रमेय आहे : जोडप्यांचे एकत्रित अर्ज वगैरे गुंतागुंत सोडली, तर स्थिर जोड्या कशाही लावा, ज्यांना जागा मिळत नाही ते उमेदवार तेच राहतात. कल कोणाकडे आहे यावरून कोण कुठे जाईल ते बदलेल, पण बाहेर कोण राहील ते बदलत नाही. म्हणजे तिचा प्रश्न अल्गोरिदमच्या आधीचा होता.

त्याचं उत्तरही १९९७मध्येच सापडलं. वृद्धांच्या सरकारी विम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा, १९६५मध्ये कायदा झाला. तेव्हापासून रेसिडेंटांच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च त्यातून होतो. १९८०मध्ये एका सरकारी समितीने भाकीत केलं की १९९०पर्यंत सुमारे ७०,००० डॉक्टर जास्तीचे होतील. ही भीती पुढे इतकी मुरली, की १९९७मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयांना रेसिडेंट कमी करण्यासाठी पैसे देऊ केले गेले. डॉक्टरांच्या बड्या संघटनाही जागा आवरा म्हणत होत्या. त्या ऑगस्टमध्ये क्लिंटन यांनी सही केलेल्या अर्थसंकल्प-समतोल कायद्याने मर्यादा घातली : बहुतेक रुग्णालयांना १९९६मध्ये होते तेवढ्याच रेसिडेंटांचे पैसे मिळतील.

डॉक्टर जास्तीचे झाले नाहीत. उलट टंचाईची भाषा सुरू झाली. २००६मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने प्रवेश ३० टक्क्यांनी वाढवायला सांगितलं आणि नवी महाविद्यालयं निघाली. रुग्णालयांनी स्वतःच्या खर्चाने काही जागा वाढवल्या, पण मर्यादा तशीच राहिली. ती पहिल्यांदा देशपातळीवर सैल झाली २०२०च्या अखेरीस : नव्या १,००० जागा, त्याही वर्षाला जास्तीत जास्त २००. परदेशात शिकलेल्या बिगर-अमेरिकी अर्जदारांपैकी अलीकडे दहातले चार जण रिकाम्या हाताने परततात.

बहिणीने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला आणि एका छोट्या शहरात तिला जागा मिळाली. मामीने पेढे वाटले. मी अभिनंदनाचा फोन केला, तेव्हा अल्गोरिदमचा विषय काढला नाही. तिनेच काढला. म्हणाली, "मागच्या वर्षीची मी आणि यंदाची मी, फार काही फरक नाही रे."