आठ आणे आणि मुंबईची कुत्री

शाळेला निघालेल्या मुलाच्या मागे गल्लीतले कुत्रे लागले की घरोघरी एकच उद्गार निघतो : "ही सगळी कुत्री म्युनिसिपालटी मारून का टाकत नाही?" हा उपाय मुंबईत किती काळ चालला व त्यातून काय निष्पन्न झाले, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

इ. स. १८१३ च्या नियमानुसार मुंबईत ठरावीक महिन्यांत बेवारशी कुत्री मारली जात व दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. त्या काळी आठ आणे ही लहान रक्कम नव्हती! बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही ओढून नेली जातात, अशी तक्रार होऊ लागली. १८३२ साली ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली. पारशी समाजात कुत्रा पवित्र. ६ जूनला कोट भागात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशांचा जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. हिंदू, जैन व इस्माइली मुसलमानही त्यात सामील झाले आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडली. धरपकड झाली, शिक्षाही झाल्या. पुढे १८३४ साली जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांनी पांजरापोळ स्थापन केली. सरकारला जे सुचले नाही, ते दोन व्यापाऱ्यांनी केले, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही मारण्याची प्रथा पुढे महापालिकेच्या काळात १९९४ पर्यंत चालू राहिली. कुत्री मात्र संपली नाहीत. उकिरडा तसाच राहिला की रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात, आणि मादी वर्षातून दोनदाही विते. म्हणून १९९४ पासून नसबंदीचा मार्ग धरला गेला : पकडावे, शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खूण करावी व त्याच गल्लीत सोडावे. २००१ मध्ये केंद्र सरकारने याचे नियमच केले. काम संथ आहे आणि मध्येच थांबविले तर केलेला खर्च वाया जातो. आमच्या अनेक नगरपालिकांचे घोडे इथेच अडते.

गोव्यात मात्र चिकाटी दिसली. पथकांनी वस्त्यावस्त्यांतून फिरून कुत्र्यांना लस टोचली. तीन वर्षे रेबीजने एकही माणूस न दगावल्यानंतर २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. या मोहिमेतली माणसे शाळांतही गेली. कुत्रा चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.